लतिका चुरीची सही

लतिका चुरी मला कधीच आवडली नाही. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा आवडली नाही, लग्न करून गावातच राहिली तेव्हा आवडली नाही, आणि पन्नाशी उलटल्यावर मत बदलावं असं काही तिने केलेलं नाही. आगाशीत तिच्याबद्दल चार चांगले शब्द बोलणारं माणूस शोधायचं तर बाजाराच्या एका टोकापासून बसच्या थांब्यापर्यंत चालत जावं लागेल. आणि थांब्यावरही बस येईपर्यंत कुणी सापडायचं नाही.

तिचा धंदा आगीच्या सूचनेचा. छताला पांढरी, उपड्या वाटीसारखी वस्तू लावलेली असते ना, ती. त्यातली एक जात धूर ओळखते, दुसरी उष्णता. कुठली वाटी कुठे लावायची हे ठरवणं हे लतिकाचं काम, आणि त्यावरून समोरच्याची अब्रू काढणं हा तिचा स्वभाव. पंख्याजवळ लावली तर वारा धूर पळवून लावतो. एसीच्या तोंडाशी लावली तरी तेच. भिंत आणि छत मिळतात त्या कोनात लावली तर धूर तिथवर पोचतच नाही. हे ती साध्या आवाजात सांगू शकते, पण सांगत नाही. गोखिवऱ्याला एका गाळेवाल्याने रंगाचे डबे छतापर्यंत रचून तिची वाटी झाकून टाकली, तर त्याच्या गिऱ्हाइकासमोर तिने त्याला विचारलं की तुझ्या आईने तुला डोळे दिले ते कशाला. काम बरोबर होतं. गिऱ्हाईक मात्र गेलं ते गेलंच.

लोक विचारतात, हिच्या घरी कधी आग लागली होती का? कसली आग नि काय. तिच्या वडिलांची केळीची आणि पानवेलीची वाडी, दिवसभर पाटाचं पाणी वाहायचं, तिथे काडी पेटवायची म्हटली तरी पेटायची नाही. ती मुळातच अशी. शाळेत कुणी वहीतलं बघून लिहिलं तर बाईंच्या आधी हिचा हात वर. पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, अंधेरीच्या कंपनीत शिडीवर चढून वाट्या बसवल्या, मग स्वतःचा परवाना काढला. आगाशीत वाट्या तपासून अग्निसुरक्षेच्या दाखल्यावर सही करणारी ती एकटीच. हात वर करायची खोड तीच, फक्त आता तिला त्याचे पैसे मिळतात.

पोटच्या मुलीलाही तिने सोडलं नाही. अक्षदाच्या लग्नात अक्षता हातात घेऊन आम्ही सगळे उभे, भटजी घसा खाकरतायत, आणि ही बया मंडपवाल्याशी भांडतेय. जाळीचे पडदे तापलेल्या दिव्यांना टेकलेत म्हणे. पडदे उतरवले, मुहूर्त टळला, मुलाकडच्यांची तोंडं वाकडी झाली. व्याहीबुवा तर न जेवताच गेले. तेव्हापासून अक्षदा आईशी कामापुरतं बोलते, आणि गावाने अक्षदाची बाजू घेतली. मीही घेतली.

आता माझं सांगते. वाडीतलं जुनं घर पाडून आम्ही बंगला बांधला, आणि नवरा गेल्यावर मी तिथे बाळंतिणींसाठी घर सुरू केलं. विरार-वसईला फ्लॅट घेऊन राहणाऱ्या पोरी, आई कुठे कोकणात नाहीतर साताऱ्याकडे, सासू आजारी, नवरा सकाळी जातो तो रात्रीच येतो. त्यांचं बाळंतपण करायचं कुणी? मी. सव्वा महिना त्या माझ्याकडे राहतात. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाळाला मालीश, न्हाऊ, आणि न्हाऊ झाल्यावर धुरी. धुपाटण्यात निखारे, वर ओवा, शेपा, वावडिंग, लसणीची सालं. तो धूर बाळाच्या अंगावरून फिरवला की पोर दोन-तीन तास डोळा उघडत नाही. हे सगळं जिजाच्या हातचं. जिजा अर्नाळ्याच्या बाजूची, तिची आईही हेच करायची. खरं सांगायचं तर पोरी माझ्या घरी येतात त्या जिजासाठी.

मग पालिकेची नोटीस आली. असं घर चालवायचं तर आगीची सूचना देणारी आणि आग विझवणारी यंत्रणा बसवा, तपासणाऱ्याची सही आणा, नाहीतर मार्चअखेर कुलूप. माझं पोट त्या घरावर, जिजाचंही त्यावरच. म्हणजे मला लतिका चुरीच्या दारात जाणं आलं.

ती आली, खोल्या बघितल्या, आणि माझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवूनच कामाला लागली. मी एकच अट घातली. ओल्या बाळंतिणीच्या अंगावर चुकून गार पाणी पडता कामा नये. एखादीला पडलं आणि ती आजारी झाली तर मी तोंड कुठे लपवू? या एकाच गोष्टीवर तिने भांडण केलं नाही. तिने दुहेरी सोय केली. वाटीला धूर कळला की हूटर वाजणार आणि तोवर कोरड्या असलेल्या नळांत पाणी भरणार. पण त्या नळाची खोलीच्या छतातली तोटी खऱ्या आगीच्या झळीने फुटल्याशिवाय ते पाणी खाली पडणार नाही. "दोघांनी साक्ष द्यायला हवी, धुराने आणि उष्णतेने," ती म्हणाली. "एक जरी गप्प बसला तरी पाणी नाही. लक्षात ठेव, सरला." मला कसं लक्षात राहणार नाही? तिने ते मला, जिजाला, दूधवाल्याला आणि भिंतीलासुद्धा सांगितलं.

वाट्या लागल्या आणि दुसऱ्याच सकाळी जिजाने धुरी दिली. हूटर असा बोंबलला की शेजारच्या वाडीतले गडी धावत आले. तिन्ही खोल्यांतली पोरं किंचाळायला लागली. एक बाळंतीण बाळाला छातीशी धरून अनवाणी अंगणात, टाके असून. मी लतिकाला फोन करून जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती आली ती भांडायच्या तयारीनेच.

"निखाऱ्यावर लसूण जाळतेस आणि वाटी वाजली म्हणून मला शिव्या देतेस?"

"ह्यांच्या आज्या-पणज्या ह्याच धुरात वाढल्या," मी म्हटलं.

"मग त्यांनाच विचार किती गोधड्या पेटल्या ते."

जिजा मध्ये पडली. "बाई, धुरीबिगर न्हाऊ म्हंजे न्हाऊच नाय. कोनी येनार नाय इकडं."

शेवटी लतिकाने तोडगा काढला. मागच्या पडवीची खोली फक्त धुरीसाठी ठेवायची. तिथे धुराची नाही, उष्णतेची वाटी लावायची. ती धुराला दाद देत नाही, खोली खरंच तापली तरच ओरडते. दार बंद ठेवायचं. न्हाऊन झालं की बाळाला तिथे न्यायचं. ऐकायला सोपं होतं. पण जानेवारीत ओलं बाळ उघड्या पडवीतून कोण नेऊ देईल? पोरी कुरकुरायला लागल्या. एकीची आई तर मला म्हणाली, एवढे पैसे घेता आणि खोलीत धुरीसुद्धा देत नाही? तिचं काय चुकलं?

पुढचं डोकं जिजाचं. दुपदरी, आत कापूस घातलेलं बाळाचं टोपडं तिने स्टुलावर चढून वाटीला चढवलं आणि नाड्या आवळून बांधल्या. अगदी मापात बसलं. धुरी झाली, हूटर गप्प. मी बघितलं आणि हसले. बाकीच्या खोल्यांतही टोपडी चढली, आणि घर पुन्हा पूर्वीसारखं झालं. पोरं झोपायला लागली, आया जेवायला लागल्या.

लतिका शेवटच्या तपासणीला न सांगता आली. येणारच, जातच तशी. पहिल्या खोलीत वर बघितलं, स्टूल ओढलं, टोपडं काढलं आणि ते बोटावर टांगून माझ्यापुढे धरलं.

"हे कुणाचं डोकं?"

"जिजाचं," मी म्हटलं. "आणि चांगलं आहे. तुझ्यापेक्षा."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने आवाज खाली आणला. "सरला, ही झाकलीस की नळात पाणी भरत नाही. वरची तोटी फुटेल आणि हवा येईल. खाटेखाली शेगडी, वर गोधडी, दाराला कडी. पाणी पडू नये अशी अट तूच घातली होतीस. मी सही करणार नाही."

"मग माझ्या घराला कुलूप लागेल."

"लागू दे."

"तुझ्या बापाचं काय जातं?"

"तुझ्या घरात एखादी बाळंतीण जळाली तर मला विचारतील, तुला नाही."

त्यावर माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुझी अक्षदा आठव्या महिन्यात आहे ना? बाळंतपणाला आईकडे येणार का म्हणून विचारलंस तिला? विचार एकदा. काय सांगते ते मलाही सांग." ती टोपडं टेबलावर ठेवून निघून गेली. मला वाईट वाटलं नाही. ते खरंच होतं, आणि तिला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

त्यानंतर तिची आणि माझी उघड दुष्मनी. मी जिजाला ताकीद दिली, टोपडी उतरव, ही भवानी कधीही येऊन उभी राहील. जिजाने उतरवली, पण तोंड फुगवूनच. धुरी पुन्हा पडवीत गेली, पोरींची कुरकुर पुन्हा सुरू. लतिका दोनदा येऊन गेली, सगळं जागच्या जागी होतं, तरी सही केली नाही. म्हणाली, तुझा भरवसा वाटत नाही, आणखी एकदा बघेन. फेब्रुवारी सरत आला. पुढच्या महिन्याची नावं घ्यायची की नाही हे मला कळत नव्हतं. मी बाजारात तिला शिव्या घालत फिरत होते आणि लोक मला पाठिंबा देत होते.

अक्षदाला मुलगी झाली. सिझेरियन झालं. तिचा नवरा संकेत माझ्याकडे आला, भिडस्त मुलगा, चप्पल काढून बाहेरच उभा. "काकू, तिला तुमच्याकडेच यायचंय. आईंकडे नको म्हणते." मी एका पायावर हो म्हटलं. लतिका चुरीची लेक बाळंतपणाला माझ्या घरी, यापेक्षा मोठं उत्तर मी तिला काय देणार होते?

अक्षदा राहायला आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी लतिका आली. या खेपेला हातात ना टेस्टर, ना शिडी. लोकरीचा स्वेटर, काजळाची डबी आणि आजी झालेल्या बाईचा चेहरा. नातीला मांडीवर घेऊन बसली. अक्षदा भिंतीकडे तोंड करून पडलेली.

न्हाऊ झालं. अक्षदाला टाक्यांमुळे उठवत नव्हतं, आणि लेकीला ती नजरेआड नेऊ देईना. जिजा धुपाटणं घेऊन खोलीतच आली. मी लतिकाकडे बघितलं.  पहिल्याच धुरीला नाही म्हणायचं धाडस तिला झालं नसावं. ओव्याचा वास पसरला, धूर वर गेला, आणि हूटर सुटला.

पोर दचकली, रडली, आणि रडता रडता तिने श्वास धरला. ओठ काळेनिळे. जिजाने तोंडावर फुंकर मारली, पाठ चोळली, तेव्हा कुठे पुन्हा रडली. लतिकाने धावत जाऊन बाहेरच्या पॅनलवरचं हूटरचं बटण दाबलं. हूटर थांबला आणि खोलीत अक्षदाचा आवाज उरला.

"तुझं ते बंद कर, आई. कायमचं. माझ्या लग्नात तुला पडदे दिसले, मी दिसले नाही. आत्ता माझी मुलगी मरत होती आणि तुझी वाटी बरोबर चालत होती. खूश आहेस ना?"

 लतिकाने कपड्यांच्या ढिगातून एक टोपडं उचललं, पिवळं, वर मोती लावलेलं, तिनेच आणलेलं. स्टूल ओढलं, वर चढली आणि टोपडं वाटीला बांधलं. बाळाच्या हनुवटीखाली बांधतात तसं, हलक्या हाताने. खाली उतरली तेव्हा अक्षदा आईकडे बघत होती. कित्येक महिन्यांत बघितलं नसेल तसं.

मला आनंद झाला, लपवत नाही. पाठोपाठ पडवीत जाऊन मी तिला गाठलं. "आता सही करशील ना? की अजून माझाच भरवसा नाही?" ती म्हणाली, "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी आली ती फाटकातच थांबली. आत ये म्हटलं तर येईना. "मी सही करणार नाही, सरला. दुसरं कुणीतरी बघ."

"कुठल्या तोंडाने नाही म्हणतेस? काल बांधलंस ते कुणी?"

"मीच. म्हणूनच नाही म्हणते. ज्या घरात मी ते बांधलं त्या घराला मी सही कशी देऊ?"

"मग स्टुलावर चढ आणि काढ."

 "माझ्याने नाही काढवत गं," ती म्हणाली. "पोर श्वास धरते. आणि अक्षदा माझ्याशी बोलायला लागली आहे." एवढं बोलून ती वळली. मी तिला पाठमोरीला काय काय ऐकवलं. ढोंगी म्हटलं, दगाबाज म्हटलं, पोटावर पाय देणारी म्हटलं. एरवी एकाला चार सुनावणारी बाई काही न बोलता निघून गेली, आणि त्याने माझा राग आणखी वाढला.

मी वसईहून दुसरा परवानेवाला बोलावला. गोड माणूस. आल्याबरोबर ताई म्हणाला, कांदेपोहे खाल्ले, चहा दोनदा घेतला. मी म्हटलं, खोल्या बघता ना? तो म्हणाला, बघूया की. पहिल्या दोन खोल्यांत दारातूनच मान आत घातली. अक्षदाच्या खोलीत मात्र आत आला. बाळाकडे बघून गोड आहे म्हणाला. मग वर बघितलं. पिवळं टोपडं, मोती, नाड्यांची गाठ. 

तो हसला. "वा! त्यालाही थंडी वाजते वाटतं." आणि पलंगाशेजारच्या टेबलावर कागद ठेवून त्याने सही केली.

मला हवं होतं ते हातात मिळालं. घर राहणार होतं, जिजा राहणार होती, मार्चनंतरची नावं घेता येणार होती. मी त्याला फाटकापर्यंत पोचवलं, पुन्हा या म्हटलं. परत आले ती थेट अक्षदाच्या खोलीत. इतके दिवस मी लतिकाला शिव्या घालत होते आणि निवांत झोपत होते. कारण गावात एक तरी खडूस बाई होती जी नाही म्हणत होती. आता तीही गप्प, आणि हा हसून गेला. खाटेवर अक्षदा आणि तिची मुलगी, शेजारच्या खोल्यांत आणखी दोघी, आणि इथे आग लागली तरी नळ कोरडेच. मला लतिकाचा एवढा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

जिजा धुपाटणं घेऊन आत आली होती. मी स्टूल ओढलं.

"सरलाकाकू, काय करताय?" अक्षदा उठून बसली. "नका काढू. बाळ उठेल."

"उठू दे."

"ती श्वास धरते, काकू."

"फुंकर मारायला जिजा आहे. आग लागली तर फुंकर मारून विझायची नाही."

नाड्या घट्ट बसल्या होत्या, दाताने सोडाव्या लागल्या. टोपडं हातात आलं आणि थोड्याच वेळात हूटर बोंबलला. पोरीने श्वास धरला. जिजाने फुंकर मारली, मी तळपाय चोळले.  पोर रडली. अक्षदा मला वाट्टेल ते बोलत होती, आणि तिचं बोलणं सगळं आईवर गेलेलं. मी जिजाला म्हटलं, धुपाटणं पडवीत ने, यापुढे खोलीत आणलंस तर तुलाही घरी पाठवीन. "बाई, मंग पोरी जानार," जिजा म्हणाली. जाऊ देत, म्हटलं, आणि बटण दाबायला बाहेर आले.

लतिका पायरीशी उभी होती. तिचं घर गल्लीच्या पलीकडे, हूटर तिथवर जातो. पायांत चप्पल नाही, हातांना पीठ, धापा टाकत होती. मी बटण दाबलं. आतून बाळाचं रडणं आलं तसे तिचे खांदे खाली आले.

"आग नाही," मी म्हटलं. "कशाला आलीस?"

तिची नजर माझ्या हातातल्या टोपड्यावर गेली. 

"सही मिळाली ना तुला?"

"मिळाली."

"मग काढलंस कशाला?"

मी ते टोपडं तिच्या अंगावर फेकलं. "धुराने काळं झालंय," म्हटलं. "तुझ्या नातीचं आहे. धुऊन आण."